सरासरी सांगण्याआधी : आकड्यांचा सारांश कसा करावा

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात ‘ओल्ड फेथफुल’ नावाचा एक गीझर आहे. जमिनीखाली तापलेले पाणी थोड्या थोड्या वेळाने उसळून वर येते, काही मिनिटे उंच उडत राहते आणि पुन्हा शांत होते. या गीझरच्या २७२ उद्रेकांच्या नोंदींचा एक संच संख्याशास्त्र शिकणाऱ्यांना जगभर परिचित आहे, कारण ‘आर’ या मोफत संगणकीय प्रणालीबरोबर तो आपोआप मिळतो. त्यात प्रत्येक उद्रेकाबद्दल दोनच गोष्टी नोंदवलेल्या आहेत : उद्रेक किती मिनिटे चालला आणि त्यानंतर पुढच्या उद्रेकासाठी किती मिनिटे थांबावे लागले. कालावधीच्या रकान्यातील पहिले सहा आकडे ३.६००, १.८००, ३.३३३, २.२८३, ४.५३३ आणि २.८८३ असे आहेत. उरलेले २६६ आकडेही याच जातीचे आहेत, आणि ती सगळी यादी कोणी दोनदा लक्षपूर्वक वाचली तरी ‘हा गीझर साधारण किती वेळ उडतो’ या सरळ प्रश्नाचे उत्तर त्याला देता येणार नाही.

अशा वेळी बहुतेकांचा हात थेट सरासरीकडे जातो. सर्व कालावधींची बेरीज करून तिला २७२ ने भागले की ३.४९ मिनिटे हे उत्तर मिळते. गणित म्हणून त्यात काहीही चूक नाही. परंतु ३ ते ३.५ मिनिटे या ज्या पट्ट्यात ही सरासरी येते, त्या पट्ट्यात २७२ पैकी केवळ ७ उद्रेक आहेत. साडेतीन मिनिटांचा उद्रेक ‘सर्वसाधारण’ आहे असे समजून कोणी तिथे गेला, तर त्याला बहुतेक वेळा एक तर बऱ्याच आखूड किंवा बऱ्याच लांब उद्रेकाचे दर्शन घडेल. सारांश करणे म्हणजे माहितीतला काही भाग जाणूनबुजून सोडून देणे असते, आणि सरासरीने या ठिकाणी नेमका महत्त्वाचा भाग सोडून दिलेला आहे. सारणी, आलेख आणि वर्णनात्मक मापे यांपैकी प्रत्येक साधन काय राखते आणि काय गाळते, हे समजले की कोणते केव्हा वापरावे हा प्रश्न पुष्कळसा सुटतो.

इथे एक मर्यादा आधीच सांगून ठेवायला हवी. वर्णनात्मक संख्याशास्त्र हाती असलेल्या सामग्रीचे वर्णन करते, त्यापलीकडे जात नाही. या २७२ उद्रेकांवरून पुढच्या वर्षीच्या उद्रेकांबद्दल काय म्हणता येईल, हा अनुमानाचा प्रांत आहे आणि त्याचे नियम वेगळे आहेत.

आकडा कोणत्या प्रकारचा आहे

सारांशाची पद्धत निवडण्यापूर्वी चलाचा, म्हणजे नोंदवलेल्या बदलत्या गुणधर्माचा, प्रकार पाहावा लागतो. रक्तगट, वाहनाचा प्रकार किंवा मातृभाषा यांसारखी चले गुणात्मक असतात. त्यांत फक्त गट असतात आणि त्या गटांना आपसांत क्रमही नसतो. ‘असमाधानी, ठीक, समाधानी’ अशा उत्तरांना क्रम असतो, पण दोन पायऱ्यांमधले अंतर किती हे सांगता येत नाही. उंची, वजन, वेळ यांसारख्या संख्यात्मक चलांत मात्र अंतरालाही अर्थ असतो. मोजमापाच्या या पातळ्यांची आज रूढ असलेली, संख्यात्मक चलांचे आणखी दोन भाग पाडणारी चौपदरी विभागणी मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये मांडली. व्यवहारात तिचा उपयोग मुख्यतः एक चूक टाळण्यासाठी होतो. संगणकात भरताना रक्तगटांना १, २, ३, ४ असे सांकेतिक क्रमांक दिले जातात, आणि संगणक कोणतीही तक्रार न करता त्यांची सरासरी २.३ अशी काढून देतो. त्या २.३ ला काहीही अर्थ नसतो. गुणात्मक चलासाठी गटांची मोजणी, टक्केवारी आणि फार तर बहुलक (सर्वांत जास्त वेळा येणारा गट), एवढेच खरे सारांश आहेत.

वारंवारता सारणी

संख्यात्मक सामग्रीचा पहिला सारांश म्हणजे वर्गीकृत वारंवारता सारणी. मूल्यांचा संपूर्ण विस्तार सलग वर्गांत विभागायचा आणि प्रत्येक वर्गात किती निरीक्षणे पडतात ते मोजायचे, इतकीच ती कृती आहे. हाताने मोजताना प्रत्येक नोंदीसाठी एक उभी रेघ आणि पाचवी रेघ आडवी, अशा ताळ्याच्या खुणा करतात. संगणक तेच काम क्षणात करतो. ओल्ड फेथफुलचा सर्वांत छोटा उद्रेक १.६ मिनिटांचा आणि सर्वांत मोठा ५.१ मिनिटांचा आहे. अर्ध्या मिनिटाचे वर्ग केले तर सारणी पुढीलप्रमाणे होते.

| कालावधी (मिनिटे) | वारंवारता | टक्के | संचित वारंवारता |
|---|---|---|---|
| १.५ – २.० | ५१ | १८.८ | ५१ |
| २.० – २.५ | ४१ | १५.१ | ९२ |
| २.५ – ३.० | ५ | १.८ | ९७ |
| ३.० – ३.५ | ७ | २.६ | १०४ |
| ३.५ – ४.० | ३० | ११.० | १३४ |
| ४.० – ४.५ | ७३ | २६.८ | २०७ |
| ४.५ – ५.० | ६१ | २२.४ | २६८ |
| ५.० – ५.५ | ४ | १.५ | २७२ |

दुसऱ्या रकान्यावरून वरून खाली नजर फिरवली की जे २७२ आकड्यांच्या यादीत दिसत नव्हते ते लगेच दिसते. उद्रेकांचे दोन स्पष्ट गट आहेत : एक दोन मिनिटांच्या आसपासचा आणि दुसरा चार ते पाच मिनिटांचा. मधले अडीच ते साडेतीन मिनिटांचे पूर्ण एक मिनिट जवळजवळ ओसाड आहे. तिथे मिळून १२ उद्रेक आहेत.

टक्क्यांचा रकाना वेगवेगळ्या आकाराच्या संचांची तुलना करण्यासाठी लागतो. २७२ निरीक्षणांतील ५१ आणि १,००० निरीक्षणांतील १५० यांत मोठा वाटा कोणाचा, हे नुसत्या वारंवारतेवरून समजत नाही. संचित वारंवारतेचा रकाना ‘इतक्यापर्यंत किती’ या प्रश्नाचे उत्तर देतो : चार मिनिटांपेक्षा कमी चाललेले उद्रेक १३४ आहेत, म्हणजे निम्म्याला फक्त २ कमी. मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, चार मिनिटांच्या अगदी जवळ असणार, हे गणित न करताच इथे समजते.

सारणी करताना दोन निर्णय घ्यावे लागतात, आणि दोन्ही सहसा न सांगताच घेतले जातात. पहिला निर्णय सीमेवरच्या निरीक्षणांचा. नेमका २.० मिनिटांचा उद्रेक पहिल्या वर्गात घालायचा की दुसऱ्या? वरच्या सारणीत असमावेशक पद्धत वापरली आहे, म्हणजे वर्गाची वरची मर्यादा त्या वर्गात धरलेली नाही आणि २.० हा आकडा दुसऱ्या वर्गात गेलेला आहे. वरची मर्यादा आत धरली असती तर पहिल्या वर्गाची वारंवारता ५१ ऐवजी ५५ झाली असती. दोन्ही पद्धती चालतात. फक्त सर्व वर्गांना एकच पद्धत लावावी आणि कोणती लावली ते सांगावे. ‘१० ते २०’ आणि ‘२० ते ३०’ असे लिहून २० कुठे गेले याबद्दल मौन पाळणाऱ्या सारण्या छापील अहवालांतही सर्रास आढळतात.

दुसरा निर्णय वर्गांच्या रुंदीचा, आणि तो कितीतरी अधिक परिणाम करणारा आहे. याच उद्रेकांसाठी एकेका मिनिटाचे वर्ग १ मिनिटापासून केले, तर वारंवारता अनुक्रमे ५१, ४६, ३७, १३४ आणि ४ अशा येतात. मधली दरी उथळ झाली. आधी माहीत नसेल तर तिच्याकडे लक्षही जाणार नाही. दोन-दोन मिनिटांचे वर्ग केले तर ९७, १७१ आणि ४ असे तीनच आकडे उरतात, आणि मध्ये एकच उंचवटा असलेली एक साधीसुधी सामग्री आपल्यासमोर असल्याचा भास होतो. आकडे तेच, मोजणी अचूक, आणि तरीही सामग्रीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अदृश्य. याउलट वर्ग फार अरुंद केले तर बहुतेक वर्गांत दोन-तीनच नोंदी पडतात आणि सारणी पुन्हा कच्च्या यादीइतकीच गोंधळाची होते.

वर्ग किती असावेत यासाठी सूत्रे आहेत. हर्बर्ट स्टर्जेस यांनी १९२६ मध्ये सुचवलेल्या सूत्रानुसार, निरीक्षणांच्या संख्येचा पाया २ असलेला लॉगरिदम घेऊन त्यात १ मिळवायचा. २७२ साठी हे उत्तर ९ च्या किंचित वर येते. आपण आठ वर्ग केले, म्हणजे सूत्राच्या जवळपासच आहोत. तथापि माझ्या मते सूत्राकडे सुरुवातीचा अंदाज म्हणूनच पाहावे. तीन-चार वेगवेगळ्या रुंदी घेऊन सारणी करून पाहणे, आणि त्या बदलूनही जे चित्र टिकते त्यावरच विश्वास ठेवणे, हा जास्त भरवशाचा मार्ग आहे. संगणकावर त्याला अर्धा मिनिटही लागत नाही.

वारंवारता सारणीचा आणखी एक उपयोग आहे, ज्याचा पाठ्यपुस्तकांत सहसा उल्लेख नसतो : मोजणाऱ्याच्या सवयी त्यात उघड होतात. ओल्ड फेथफुलचे कालावधी मुळात सेकंदांत घेऊन मिनिटांत बदललेले आहेत, ३.३३३ मिनिटे म्हणजे नेमके २०० सेकंद. हे आकडे पुन्हा सेकंदांत नेऊन मोजले तर पाचच्या पटीत येणारे सेकंद अपेक्षेपेक्षा जास्त वेळा दिसतात. गीझरला पाचच्या पटीचे प्रेम असण्याचे कारण नाही. घड्याळाकडे पाहणाऱ्या माणसाने जवळचा सोयीचा आकडा लिहिला, एवढाच त्याचा अर्थ. वय विचारून गोळा केलेल्या माहितीतही शून्य आणि पाचवर संपणाऱ्या वयांची अशीच गर्दी होते, आणि जनगणनेचे अभ्यासक ती मोजून नोंदींची गुणवत्ता ठरवतात.

आलेख

सारणी नजरेला दिसावी म्हणून आलेख काढतात. संख्यात्मक सामग्रीसाठी आयतालेख हा सर्वांत उपयोगी आलेख आहे. आडव्या अक्षावर वर्ग, उभ्या अक्षावर वारंवारता आणि प्रत्येक वर्गावर एक आयत, अशी त्याची रचना असते. आयत एकमेकांना चिकटलेले असतात, कारण वर्ग सलग आहेत. एखादा वर्ग रिकामा असेल तर पडणारी फट खरी असते आणि ती दिसलीच पाहिजे. स्तंभालेखात मात्र प्रत्येक स्तंभ एका वेगळ्या गटाचा असतो, म्हणून स्तंभांमध्ये मोकळी जागा सोडतात आणि गटांचा क्रम आपल्या सोयीने बदलता येतो. आयतालेखाचे आयत असे कोणी मागे-पुढे केले तर त्यातला अर्थच संपेल.

आयतालेखात वारंवारता दाखवते ती आयताची उंची नव्हे, तर क्षेत्रफळ. सर्व वर्ग समान रुंदीचे असतील तर हा फरक जाणवत नाही. परंतु वरच्या सारणीतील पहिले दोन वर्ग एकत्र करून १.५ ते २.५ असा एकच वर्ग केला आणि त्यावर ९२ उंचीचा आयत काढला, तर तो ७३ उंचीच्या ४.० ते ४.५ या वर्गालाही मागे टाकील आणि आखूड उद्रेक फार मोठ्या संख्येने आहेत असे वाटेल. रुंदी दुप्पट झाली म्हणून उंची निम्मी करायला हवी : दर अर्ध्या मिनिटाला ४६. उत्पन्न किंवा वय यांच्या सारण्यांत शेवटचे वर्ग अनेकदा मुद्दाम रुंद ठेवलेले असतात, आणि तिथे ही चूक हमखास होते.

गुणात्मक चलांसाठी स्तंभालेख पुरतो. वृत्तालेखाबद्दल, म्हणजे वर्तुळाच्या फोडी करून वाटे दाखवणाऱ्या आलेखाबद्दल, मात्र थोडे सांभाळून बोलावे लागते. स्कॉटिश लेखक विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये रेषालेख आणि स्तंभालेख, तर १८०१ मध्ये वृत्तालेख छापला, आणि तेव्हापासून तो वर्तमानपत्रांचा आवडता आलेख आहे. अडचण माणसाच्या नजरेत आहे. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्रयोगांनी दाखवले, की एकाच मोजपट्टीवरील स्थानांची तुलना आपण सर्वांत अचूक करतो, लांबीची त्याखालोखाल, आणि कोन व क्षेत्रफळ यांच्या तुलनेत आपण बरेच चुकतो. वर्तुळातील २३ टक्क्यांची आणि २६ टक्क्यांची फोड नुसत्या नजरेने वेगळी ओळखता येत नाही. शेजारी उभ्या केलेल्या स्तंभांत हा फरक लगेच कळतो. दोन-तीन गट असतील आणि ‘एकूणातला वाटा’ एवढेच सांगायचे असेल तर वृत्तालेख चालतो. सात-आठ फोडी, वर त्रिमितीय तिरका देखावा, अशा वृत्तालेखाला कोणतेही समर्थन नाही.

स्तंभालेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू व्हायला हवा. ५० आणि ५२ या दोन संख्यांचे स्तंभ ४८ पासून काढले तर एकाची उंची २ आणि दुसऱ्याची ४ होते. चार टक्क्यांची वाढ दुपटीसारखी दिसते. रेषालेखाला हे बंधन तितके लागू नाही, कारण तिथे लांबीपेक्षा चढउतार वाचायचा असतो. शरीराच्या तापमानाचा रेषालेख शून्यापासून काढला तर ताप आल्याचे दिसणारच नाही.

मध्यवर्ती मापे

मध्य (म्हणजेच सरासरी), मध्यक आणि बहुलक ही तीन मापे शाळेपासून परिचित आहेत, म्हणून त्यांच्या सूत्रांवर वेळ घालवत नाही. ती एकमेकांपासून केव्हा दूर जातात, हे जास्त महत्त्वाचे आहे. समजा, एका मदतवाहिनीवर सात जणांना अनुक्रमे ४, ५, ५, ६, ७, ७ आणि ८ मिनिटे ताटकळावे लागले. बेरीज ४२, मध्य ६. क्रमाने मधला आकडा ६, म्हणून मध्यकही ६. आता शेवटच्या माणसाला ८ ऐवजी ५० मिनिटे लागली असे समजू. बेरीज ८४ होते आणि मध्य १२ वर जातो, पण मध्यक ६ वरून हलत नाही. सातपैकी सहा जणांना ७ मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ लागलेला असताना ‘सरासरी प्रतीक्षा १२ मिनिटे’ हे वाक्य कोणाचाच अनुभव सांगत नाही.

म्हणून मध्यकच नेहमी चांगला, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. मदतवाहिनी चालवणाऱ्याला एकूण किती मनुष्यमिनिटे वाया गेली हे हवे असेल, तर त्याला मध्यच लागेल. मध्याला निरीक्षणांच्या संख्येने गुणले की बेरीज परत मिळते, मध्यकावरून ती कधीच मिळत नाही. उत्पन्न, मालमत्ता, प्रतीक्षाकाळ यांसारख्या, एका बाजूला लांब शेपटी असलेल्या सामग्रीत ‘सर्वसाधारण माणूस’ दाखवायचा असेल तर मध्यक द्यावा, आणि एकूण भार मोजायचा असेल तर मध्य. दोन्ही शेजारी दिले तर त्यांच्यातले अंतरच शेपटीची दिशा सांगून जाते.

ओल्ड फेथफुलच्या बाबतीत मध्य ३.४९ आणि मध्यक ४.० आहे. मध्यक निदान उद्रेक असलेल्या भागात येतो, परंतु दोन मिनिटांचा दुसरा गट आहे हे तोही सांगत नाही. दोन शिखरे असलेल्या सामग्रीला एकच मध्यवर्ती माप देण्याचा हट्टच चुकीचा आहे. तीन मिनिटांवर रेघ ओढून उद्रेक दोन भागांत वेगळे केले, तर ९७ आखूड आणि १७५ लांब उद्रेक मिळतात. सारणीतील वर्गमध्यांवरून, म्हणजे प्रत्येक वर्गाच्या मधोमधच्या मूल्यांवरून, त्यांचे मध्य काढले तर ते सुमारे २ आणि ४.३ मिनिटे येतात. एका आकड्याऐवजी दोन आकडे द्यावे लागले, पण आता दोन्ही आकडे खऱ्या उद्रेकांबद्दल बोलत आहेत.

वर्गमध्यांवरून काढलेला मध्य कितपत विश्वासार्ह असतो, असा प्रश्न इथे पडू शकतो, कारण वर्गातील प्रत्येक निरीक्षण नेमके मधोमध आहे असे त्यात गृहीत धरलेले असते. वरच्या सारणीवरून सर्व २७२ उद्रेकांचा मध्य काढला तर ३.५० येतो, मूळ आकड्यांवरून ३.४९. वर्ग पुरेसे अरुंद असतील तर चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खाऊन टाकतात. मूळ आकडे हाती असताना मात्र सारणीवरून मध्य काढण्याचे काहीच कारण नाही.

सरासऱ्यांची सरासरी काढतानाही गटांचा आकार विसरून चालत नाही. १० जणांच्या गटाची सरासरी ६० आणि ४० जणांच्या गटाची ८० असेल, तर सर्वांची सरासरी ७० नसून ७६ असते.

पसारा

मध्यवर्ती माप एकटे देणे म्हणजे अर्धेच वाक्य बोलणे होय. निरीक्षणे त्याच्याभोवती किती पसरलेली आहेत, हे सांगितल्याशिवाय ते वाचता येत नाही. सर्वांत सोपे माप म्हणजे विस्तार : सर्वांत मोठे उणे सर्वांत लहान. ते फक्त दोन निरीक्षणांवर उभे असते, आणि तीही सर्वांत बेभरवशाच्या, टोकाच्या निरीक्षणांवर.

प्रमाण विचलन सर्व निरीक्षणे विचारात घेते. मदतवाहिनीच्या पहिल्या सात आकड्यांवर ते करून पाहू. मध्य ६ असल्याने विचलने –२, –१, –१, ०, १, १, २ अशी येतात. त्यांची बेरीज शून्य होते, आणि ती नेहमीच शून्य होणार, म्हणून प्रत्येकाचा वर्ग घ्यायचा : ४, १, १, ०, १, १, ४. बेरीज १२. आता भागायचे कशाने? हे सातच लोक आपला संपूर्ण समूह असतील तर ७ ने. ते मोठ्या समूहातील नमुना असतील तर ६ ने. नमुन्याचा मध्य त्याच सात आकड्यांवरून काढलेला असल्यामुळे विचलने खऱ्यापेक्षा किंचित लहान येतात, आणि एक कमी संख्येने भागल्याने प्रचरणातील, म्हणजे या भागाकारातील, ती कसर भरून निघते. ६ ने भागल्यावर प्रचरण २ येते. त्याचे एकक ‘वर्ग मिनिटे’ असे विचित्र असते, म्हणून वर्गमूळ घेऊन पुन्हा मिनिटांवर यायचे : १.४१. हे प्रमाण विचलन. शेवटचा आकडा ८ ऐवजी ५० केला तर तेच १६.८ होते. एकाच निरीक्षणाने प्रमाण विचलन बारापट होते, कारण दूरच्या विचलनाचा वर्ग केल्याने त्याचे वजन बेसुमार वाढते.

चतुर्थकांतर या धक्क्याला बधत नाही. क्रमाने लावलेल्या निरीक्षणांतील पहिल्या पाव भागाची सीमा (पहिला चतुर्थक) आणि तिसऱ्या पाव भागाची सीमा (तिसरा चतुर्थक) यांच्यातील अंतर म्हणजे चतुर्थकांतर. सात जणांच्या दोन्ही यादींत ते ७ – ५ = २ मिनिटे इतकेच राहते. मध्याबरोबर प्रमाण विचलन आणि मध्यकाबरोबर चतुर्थकांतर द्यावे, अशी जी प्रथा आहे तिचे कारण हेच. दोन वेगळ्या प्रणालींनी एकाच सामग्रीचे चतुर्थक थोडे वेगळे दिले तर घाबरू नये. चतुर्थक काढण्याच्या अनेक मान्य पद्धती आहेत आणि ‘आर’ प्रणालीतच त्यांचे नऊ पर्याय मिळतात.

‘दोन प्रमाण विचलनांच्या आत ९५ टक्के निरीक्षणे असतात’ हा नियम अनेकांना पाठ असतो, आणि तो सर्रास कुठेही लावला जातो. तो घंटेच्या आकाराच्या, म्हणजे प्रसामान्य वितरणालाच लागू आहे. कोणत्याही आकाराच्या सामग्रीसाठी रशियन गणिती चेबिशेव्ह यांच्या असमानतेने मिळणारी हमी निदान ७५ टक्क्यांचीच आहे. ओल्ड फेथफुलच्या कालावधींचे प्रमाण विचलन १.१४ मिनिटे आहे, म्हणून मध्यापासून दोन्हीकडे दोन प्रमाण विचलने घेतली तर १.२१ ते ५.७७ हा पट्टा मिळतो. या पट्ट्यात ९५ नव्हे, शंभर टक्के उद्रेक येतात, कारण सर्वांत छोटा १.६ आणि सर्वांत मोठा ५.१ मिनिटांचा आहे. पाठ असलेला नियम लावण्यापूर्वी आयतालेख पाहिला पाहिजे, तो यासाठी.

मध्यक, दोन चतुर्थक आणि दोन टोके ही पाच मापे एकत्र दाखवणारा बॉक्स प्लॉट अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांनी १९७० च्या दशकात रूढ केला. अनेक गट शेजारी ठेवून त्यांची तुलना करायला त्याच्यासारखे सुटसुटीत साधन नाही. पण त्याचीही गाळणी आहे. आपल्या उद्रेकांच्या बॉक्स प्लॉटमध्ये दोन चतुर्थकांमधली पेटी २.१६ पासून ४.४५ पर्यंत पसरते, मध्यकाची रेघ ४ वर येते, आणि नेमकी ती ओसाड दरी पेटीच्या पोटात झाकली जाते. एकटा बॉक्स प्लॉट पाहणाऱ्याला सर्वांत जास्त उद्रेक पेटीच्या मधोमध असावेत असेच वाटेल.

दोन चले एकत्र

आतापर्यंत आपण दुसऱ्या रकान्याकडे पाहिलेच नाही. पुढच्या उद्रेकासाठीच्या प्रतीक्षेचा मध्य ७०.९ मिनिटे आहे. प्रत्येक उद्रेकासाठी आडव्या अक्षावर कालावधी आणि उभ्या अक्षावर प्रतीक्षा घेऊन एकेक बिंदू मांडला, म्हणजे स्कॅटर प्लॉट काढला, तर बिंदूंचे दोन वेगळे पुंजके दिसतात : आखूड उद्रेकानंतर साधारण ५५ मिनिटांची प्रतीक्षा आणि लांब उद्रेकानंतर साधारण ८० मिनिटांची. गीझरसमोर उभ्या असलेल्या माणसाला ७०.९ या आकड्याचा उपयोग नाही. आत्ताच संपलेला उद्रेक आखूड होता की लांब, हे त्याला सांगितले तर तो आपला वेळ ठरवू शकतो. ही गोष्ट दोन्ही चलांचे सारांश वेगवेगळे करून कधीच मिळाली नसती.

या दोन चलांचा सहसंबंध गुणांक, म्हणजे ती सरळ रेषेत कितपत एकत्र बदलतात हे –१ ते १ यांदरम्यान सांगणारे माप, ०.९० आहे. तोही आलेखाशिवाय वाचू नये. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम यांनी १९७३ मध्ये प्रत्येकी अकरा बिंदूंचे चार संच मुद्दाम तयार केले. चारही संचांत पहिल्या चलाचा मध्य ९, दुसऱ्याचा ७.५, पहिल्याचे प्रचरण ११ आणि सहसंबंध गुणांक सुमारे ०.८२ आहे. आलेख काढला तर पहिल्या संचात बिंदू एका तिरक्या रेषेभोवती विखुरलेले दिसतात. दुसऱ्यात ते एका गुळगुळीत वक्रावर आहेत. तिसऱ्यात एक बिंदू सोडून सगळे अचूक रेषेवर. आणि चौथ्यात दहा बिंदूंसाठी पहिल्या चलाचे मूल्य ८ च आहे, फक्त अकराव्यासाठी ते १९ आहे, आणि ०.८२ हा सारा संबंध त्या एका बिंदूवर उभा आहे. तो बिंदू काढला तर उरलेल्या दहांसाठी सहसंबंध गुणांक काढताच येत नाही.

सारांश लिहिताना

शेवटी हे सगळे वाक्यांत उतरवावे लागते. आपल्या सामग्रीबद्दल असे लिहिता येईल : ‘एकूण २७२ उद्रेकांची नोंद उपलब्ध आहे. कालावधी १.६ ते ५.१ मिनिटे असून त्यांचे दोन वेगळे गट दिसतात. तीन मिनिटांहून कमी चाललेल्या ९७ उद्रेकांचा मध्य सुमारे २ मिनिटे आणि उरलेल्या १७५ उद्रेकांचा सुमारे ४.३ मिनिटे आहे. आखूड उद्रेकांनंतरची प्रतीक्षा लांब उद्रेकांनंतरच्या प्रतीक्षेपेक्षा बरीच कमी आहे.’ सोबत अर्ध्या मिनिटाच्या वर्गांचा आयतालेख आणि एक स्कॅटर प्लॉट. या चार वाक्यांत संपूर्ण संचाची सरासरी आलेली नाही, आणि तिची उणीवही भासत नाही.

निरीक्षणांची संख्या प्रत्येक वेळी लिहावी. काही नोंदी गहाळ असतील तर त्या किती आणि टक्केवारी कशातून काढली, तेही लिहावे. एककाशिवाय आकडा देऊ नये. दशांश स्थळे मोजमापाच्या अचूकतेला शोभतील इतकीच ठेवावीत : संगणक या कालावधींचा मध्य ३.४८७७८३ असा दाखवतो, पण जवळच्या पाच सेकंदांकडे झुकणाऱ्या हाताने घेतलेल्या नोंदींत तिसऱ्या दशांश स्थळानंतरचे आकडे कशाचेच मोजमाप नसतात, आणि ३.५ मिनिटे लिहिले तरी वाचकाचे काहीही नुकसान होत नाही.